भुईवर निजवून

"लेकरं निजवत्यात, ताई. मारायच्या आधी माणसाला कुणी निजवतं का?"

मावशींनी हे विचारलं तेव्हा मी बायबलमधल्या २ शमुवेल या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातलं दुसरं वचन नुकतंच वाचून संपवलं होतं. श्रीरामपूरच्या बाजूचं एक गाव, चर्चच्या मागची खोली, सतरंजीवर अकरा जण. जुन्या कराराच्या नव्या मराठी भाषांतराचा मसुदा आम्ही असा गावोगाव ऐकवतो. ऐकणाऱ्यांच्या हातात कागद द्यायचा नाही. कानाला जे कळलं ते त्यांनी आपल्या शब्दांत सांगायचं आणि आम्ही लिहून घ्यायचं. वाक्य कुठे अडतं ते टेबलाशी बसून कधीच सापडत नाही, सतरंजीवर पहिल्या फटक्यात सापडतं.

वचन छोटं आहे. इस्राएलाचा राजा दावीद शेजारच्या मवाब देशातल्या मवाबी लोकांचा पराभव करतो, त्यांना जमिनीवर निजवतो आणि दोरीने मोजतो. दोन दोऱ्या भरतील तेवढे मारायचे, एक पुरी दोरी भरेल तेवढे जगू द्यायचे. उरलेले मवाबी त्याचे दास होतात आणि खंडणी आणू लागतात. पुढच्या वचनात लगेच दुसरी लढाई सुरू होते.

मावशींच्या प्रश्नावर मी वहीत 'निजवलं' या शब्दाभोवती गोल केला आणि पुढे जायला निघाले. पण खोली पुढे जायला तयार नव्हती. कोपऱ्यातल्या एका आजोबांनी उभा जन्म शेताच्या मोजण्या पाहिलेल्या. ते म्हणाले, "दोरी लावायला कुठल्या टोकाकडून सुरुवात केली? पहिला कोण धरला?" वचनात ते नाही. दोरी किती लांब होती तेही नाही. ग्रीक भाषांतरात, म्हणजे सेप्टुअजिंटमध्ये, दोन दोऱ्या मरणाच्या आणि दोन जीवनाच्या असं आहे, एवढं मी सांगितलं. आजोबा म्हणाले, "म्हंजी निम्मे. पण निजलेल्या माणसाला काय ठाऊक, तो कुठल्या दोरीत हाय?"

मग कॉलेजात जाणारी एक मुलगी म्हणाली, "रूथ मवाबीच होती ना? दावीदाची पणजी?"

होती. आणि आधीचा राजा शौल याच्यापासून पळत असताना दावीदाने आपल्या आईवडिलांना मवाबच्याच राजाकडे ठेवलं होतं. १ शमुवेल, बावीसावा अध्याय. त्या राजाचं आणि दावीदाचं पुढे काय बिनसलं, याबद्दल शास्त्र एक अक्षर बोलत नाही. मी ते बोलून दाखवलं आणि खोलीत बराच वेळ कुणी हललं नाही. रूथचं पुस्तक या लोकांना तोंडपाठ आहे. लग्नात त्यातलीच वचनं वाचतात.

अशा वेळी हाताशी एक तयार उत्तर असतं, 'त्या काळी सगळेच तसं करत.' ते खोटं नाही. मवाबचा राजा मेशा याचा काळ्या दगडावरचा लेख १८६८ साली जॉर्डनमधल्या धिबानला सापडला, आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. इ.स.पू. नवव्या शतकातल्या त्या लेखात मेशा सांगतो, की त्याने इस्राएलाकडून नबो घेतलं आणि तिथले सात हजार जण मारले. पुरुष, मुलगे, बायका, मुली. कारण ते नगर त्याने आपल्या देवतेला वाहून टाकलं होतं. त्यासाठी त्याने वापरलेलं क्रियापद यरीहो नगराच्या पाडावाच्या कथेत यहोशवाच्या पुस्तकानेही वापरलं आहे. इब्रीत, म्हणजे जुन्या कराराच्या मूळ भाषेत, त्यावरून झालेलं नाम 'हेरेम'. आपल्या बोलण्यातला 'हराम' अरबीतून आला, तो या शब्दाचा सख्खा भाऊ. माणसाने हात लावायचा नाही, ते देवाचं. म्हणून यरीहोत शत्रूची माणसं, गुरं, सगळं संपवायचं. सोनं, रुपं, तांबं, लोखंड तेवढं परमेश्वराच्या भांडारात जायचं.

हे सगळं मी सांगितलं. मावशी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "शेजाऱ्यानं केलं म्हनून आपलं धुतलं जातं का?"

मला उत्तर सुचलं नाही आणि मी उसनं आणलंही नाही.

दुपारी बारावा अध्याय निघाला. अम्मोनी लोकांचं राब्बा नगर पडतं आणि दावीद तिथल्या लोकांना करवती, लोखंडी दाताळी आणि कुऱ्हाडी यांच्याशी... काय करतो? इथे इब्रीत खरी गाठ आहे. शमुवेलात क्रियापद आहे 'लावलं, ठेवलं'. तीच घटना बायबलच्याच १ इतिहास या पुस्तकात, २०:३ मध्ये येते, तिथे क्रियापद आहे 'करवतलं'. फरक एका अक्षराचा, शेवटी 'मेम' की 'रेश' एवढाच. पहिलं धरलं तर वेठबिगार. दुसरं धरलं तर जे ऐकवत नाही ते. आम्ही शमुवेलात 'करवतींच्या कामाला लावलं' असं घेतलं होतं आणि खाली तळटीप दिली होती. पाठाच्या दृष्टीने ते योग्यच आहे, 'अनुवाद' या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातही शरण आलेल्या नगराला वेठीला लावायचाच नियम आहे. पण त्या दिवशी वाचताना मला स्वतःबद्दल एक गोष्ट कळली. लहानपणापासून मेंढपाळ दावीदावर माझा जीव आहे, आणि मसुदा लिहिताना मला पहिलंच क्रियापद खरं ठरायला हवं होतं. तळटीप मी बारीक, एका ओळीची केली होती. ती संध्याकाळी मोठी केली. इतिहासाच्या पुस्तकातलं क्रियापद आता त्यात पुरतं लिहिलेलं आहे.

चहानंतर मुलीने विचारलं, "हरलेल्यांना कुणीच नीट वागवलं नाही का?" तपासणीच्या यादीत नव्हतं, तरी मी २ राजे, सहावा अध्याय काढला. शत्रूची अरामी फौज इस्राएलाच्या राजधानीत, शोमरोनात, अडकते. राजा अलीशा संदेष्ट्याला विचारतो, मारू का? एकदा नाही, दोनदा विचारतो. अलीशा म्हणतो, मारू नको, त्यांच्यापुढे भाकर आणि पाणी ठेव. राजा मोठी मेजवानी देतो आणि त्यांना घरी पाठवतो. मग २ इतिहास, अठ्ठाविसावा अध्याय. इस्राएलाने शेजारच्या यहूदा राज्यातली दोन लाख बायकामुलं धरून आणलेली. ओदेद संदेष्टा फौजेला आडवा जातो, एफ्राइमचे चार पुढारी म्हणतात, हे कैदी इथे आणायचे नाहीत. लुटीतलेच कपडे उघड्यांना घालतात, पायात पायतण, खायला-प्यायला, अंगाला तेल, थकलेल्यांना गाढवांवर बसवून खजुरीच्या झाडांचं नगर यरीहो, तिथवर पोचवून येतात. 'लुटीतलेच कपडे' ऐकल्यावर आजोबांनी ते वाक्य परत वाचायला लावलं. मी तिसऱ्यांदाही वाचलं, न सांगता.

रात्री घरी येऊन 'निजवलं' उघडलं. मावशींच्या म्हणण्याप्रमाणे 'आडवं पाडून' लिहायचं जवळजवळ ठरलंच होतं. त्याआधी फक्त शब्दसूची पाहायची म्हणून पाहिली. इब्री धातू 'शाखव', झोपण्याचा, अंथरुणावर पडण्याचा. त्याचं हेच प्रयोजक रूप १ राजे ३:२० मध्ये आहे, शलमोन राजापुढे आलेल्या दोन बायकांच्या कथेत. एक बाई दुसरीचं जिवंत मूल उचलून आपल्या उराशी निजवते आणि आपलं मेलेलं तिच्या उराशी निजवते. सारफथच्या विधवेचा मेलेला मुलगा एलीया संदेष्टा वरच्या खोलीत खाटेवर निजवतो, तिथेही हाच शब्द.

म्हणजे मावशींना जे खटकलं ते माझ्या मराठीत शिरलेलं नव्हतं. ते इब्रीतच होतं.

आठवड्याने मी त्यांना फोन केला आणि तिन्ही जागा वाचून दाखवल्या. पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. त्यांनी दावीदाचं वचन पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.

"मग निजवलंच राहू द्या," त्या म्हणाल्या. "पण जमिनीवर नका म्हनू. जमीन सरकारी वाटती. भुईवर म्हना."

मसुद्यात आता तसं आहे.