निकॉन सोडायचा की नाही? माझा अनुभव

लग्नाच्या ऑर्डरी करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला गेल्या काही वर्षांत हा निर्णय घ्यावा लागलाय: आत आरसा असलेला डीएसएलआर कॅमेरा सोडून बिनआरशाच्या मिररलेसवर कधी जायचं आणि जायचंच तर कोणत्या कंपनीकडे. माझ्याकडे निकॉनचा डीएसएलआर डी७५० आणि लेन्स म्हणाल तर २४-७० एफ/२.८, ७०-२००, ८५ एफ/१.८, जुनी ५० एफ/१.८ डी आणि बाबांच्या एफएम२ या फिल्म कॅमेऱ्याबरोबरची १०५ एफ/२.५ एवढा संसार होता.

मी निकॉनचा झालो तो या १०५ मुळे. निकॉनने १९५९ मध्ये एफ माउंट, म्हणजे लेन्स बॉडीवर चढवायची खोबण, आणला आणि पुढे ऑटोफोकस आलं, डिजिटल आलं, तरी तो टिकवला. कॅननने १९८७ मध्ये एफडी सोडून ईएफ माउंट घेतला, तेव्हा त्यांच्या लोकांच्या जुन्या लेन्स नव्या बॉडीवर चढेनात. बाबा ज्या लेन्सने फिल्मवर लग्नं काढायचे, ती मी डी७५० वर लावतो, मेनूत तिची फोकल लेंथ (मिमीचा आकडा) आणि ॲपर्चर (लेन्स किती उघडते तो आकडा) भरतो आणि प्रकाश मोजणारं मीटर बरोबर चालतं. फोकस हाताने. नवरीचा क्लोजअप त्या काचेतून अजूनही असा येतो, की घरचे अल्बममध्ये तोच मोठा करून मागतात.

पण २०१८ मध्ये निकॉननेही माउंट बदललाच. आरसा गेल्यावर माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिमीवरून १६ मिमीवर आलं, माउंटचं तोंड ५५ मिमी रुंद झालं, आणि जुन्या लेन्स त्यावर थेट बसेनात. कॅनन-सोनीवाले मित्र म्हणायला लागले, "आता सगळंच बदलायचंय, तर इकडे ये ना!" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. डोळ्यावर फोकस धरून ठेवण्यात कॅनन आणि सोनी तेव्हा पुढे होते, हे मी मान्य करतो.

म्हणून चातुर्मासात, मुहूर्त नसतात त्या काळात, कॅनन आर६ मार्क टू लेन्ससकट भाड्याने आणला आणि घरच्याच कार्यक्रमात वापरला. फोकस अप्रतिम. धावणाऱ्या पोराचा डोळाही सुटत नव्हता. अडत होतं ते माझ्या हाताला. निकॉनवर मॅन्युअलमध्ये शटर अंगठ्याखालच्या डायलला आणि ॲपर्चर पुढच्या बोटाच्या डायलला. कॅननवर नेमकं उलट. लेन्स चढवायची दिशा उलट, झूमची रिंगही उलट. डायल सेटिंगमधून बदलता येतात, रिंग नाही येत. आणि ज्यांनी मंगलाष्टकं टिपलीत त्यांना विचारा, 'सावधान' होऊन अंतरपाट खाली येतो, अक्षता पडतात, दोघांची नजर मिळते, तेवढ्यात झूम ७० वरून ३५ वर यायला किती वेळ असतो. तिथे डोकं काम करत नाही, मनगट करतं. माझं मनगट निकॉनवर घडलंय.

सवय मोडता येते, हेही खरं. पण मग हिशेब मांडला. सगळ्या लेन्स विकायच्या, त्याही सेकंडहँडच्या भावात, आणि त्याच फोकल लेंथ नव्याने घ्यायच्या. माझा फ्लॅश निकॉनचा, लांबचे फ्लॅश उडवणारा गोडॉक्सचा ट्रिगर निकॉनच्या हॉटशूचा (कॅमेऱ्याच्या डोक्यावरची फ्लॅशची खाच). सेकंड शूटरकडेही निकॉनच, म्हणजे त्याच्या आणि माझ्या फायली एका अल्बममध्ये आल्या की हळदीचा पिवळा आणि शालूचा मरून जुळवायला एडिटिंगमध्ये रात्र घालवावी लागत नाही. दोन कंपन्यांच्या बॉडी एकाच लग्नात चालवलेल्यांना ही कटकट माहीत आहे.

शेवटी बॅग घेऊन मुंबईला फोर्टमधल्या एका दुकानात गेलो आणि निकॉनच्याच मिररलेस झेड६ टू वर एफटीझेड ॲडाप्टर (जुन्या लेन्स नव्या माउंटवर बसवणारी जोडणी) लावून एकेक लेन्स तपासली. हे प्रत्येकाने पैसे देण्याआधी करावं. ज्यांच्यात स्वतःची मोटर आहे त्या एएफ-एस लेन्स बिनतक्रार चालल्या. ५० डी ला मोटर नाही, ती बॉडीतल्या स्क्रूवर फिरते आणि ॲडाप्टरमध्ये तो स्क्रू नाही, त्यामुळे तिचं ऑटोफोकस गेलं. १०५ ला मात्र उलट फायदा झाला: फोकस पीकिंगमुळे, फोकसमध्ये आलेली पापणीची कड व्ह्यूफाइंडरमध्ये रंगीत दिसते आणि हाताची थरथर सावरणारं बॉडीतलं स्टॅबिलायझेशनही त्या जुन्या लेन्सला मिळतं. बाबांना दुकानातूनच व्हिडिओ कॉल करून दाखवलं.

झेड६ टू घेतला. डी७५० च्या बॅटऱ्या नव्या बॉडीत बसल्या. फक्त जुन्या ईएन-ईएल१५ बॅटऱ्या कॅमेऱ्यातच चार्ज होत नाहीत, त्यांना चार्जर लागतो.

तुळशीची लग्नं लागली आणि सीझन सुरू झाला. आयएसओचं (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता बदलायचं) बटण डावीकडून शटरजवळ आलंय, ते बोटाला पहिल्या काही ऑर्डरींत बसलं. अंधारात फोकसला मदत करणारा फ्लॅशचा लाल असिस्ट लाइट झेड६ टू वर लागत नाही, याचा वरातीत त्रास होतो. मी आता व्हिडिओवाल्याच्या एलईडीच्या बाजूनेच चालतो. ज्यांचं निम्मं काम रात्रीच्या वरातीचं आहे, त्यांनी याचा विचार आधी करावा. आणि ज्यांच्याकडे किटची एखादीच लेन्स आहे, त्यांनी माझ्यासारखं अडून बसू नये, आज जी बॉडी हाताला चांगली वाटेल ती घ्यावी.

माझ्यापुरतं म्हणाल तर डी७५० विकलेला नाही. तो दुसरी बॉडी म्हणून खांद्याला असतो, त्यावर ५० डी कायमची चढवलेली. पुढच्या सीझनआधी ॲडाप्टरशिवाय बसणारी झेडची २४-७० घ्यायची आहे, तेवढ्यासाठी जुनी २४-७० विकायला काढलीय. १०५ ला गिऱ्हाईक आलं होतं, त्याला नाही म्हटलं.