किल्ल्याचा उतार आणि माझे गुडघे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्याला धावायला सपाट रस्ते पुष्कळ आहेत, पण चढ हवा असेल तर इथला किल्लाच. डोंगर शहरापेक्षा साधारण १०० मीटर उंच, पण ती उंची थोड्या अंतरात गाठायची असते. वर जायच्या वाटा दोन. पश्चिमेला उरवाई दरवाजाचा डांबरी रस्ता आहे. त्याच्या कड्यात पंधराव्या शतकात, तोमर राजांच्या काळात कोरलेल्या तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती आहेत. पूर्वेला किला गेटपासून वरच्या हत्ती पोळ या दरवाजापर्यंत दगडी फरसबंद चढण आहे, पायी जाणाऱ्यांची. मला ही पूर्वेची चढण धावायची होती, आणि धावतच उतरायची होती.

घरातून पहिला विरोध आत्याचा. "अगं, गुडघ्याच्या वाट्या झिजवून घेशील. माझं बघ, जिना उतरताना देव आठवतो." आत्याचे गुडघे खरंच दुखतात, त्यामुळे तिचं बोलणं मला उडवून लावता आलं नाही. मग वाचायला लागले. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका पाहणीत हौशी धावपटूंमध्ये गुडघ्या-खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण सुमारे साडेतीन टक्के आढळलं, आणि बैठी जीवनशैली असणाऱ्यांमध्ये दहाच्या आसपास. एवढ्यावरून धावण्यामुळेच गुडघे वाचतात असं म्हणता येत नाही, पण 'धावलं की झिजतात' हेही त्यात दिसत नाही. मी आत्याला आकडे दाखवले. ती म्हणाली, "बरं, पण दुखलं की सांग मला."

दुखलंच. चढताना काही नाही, फक्त पिंढऱ्या भरून यायच्या. दुखणं यायचं उतरल्यावर. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना वाटीच्या मागे, खोलवर. ऑफिसात गुडघे दुमडून बराच वेळ बसलं की तसंच. सूज नव्हती, गुडघा अडकत नव्हता. फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला एका पायरीवर उभं केलं, एका पायावर हळू खाली वाकायला लावलं आणि बघत राहिल्या. माझा गुडघा आत कलत होता. "गुडघा दुखतोय, पण काम खुब्याचं आणि मांडीचं कमी पडतंय," असं त्या म्हणाल्या.

त्यांनी समजावलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते. चढताना स्नायू आखडत शरीराला वर ढकलतात. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, आणि वाकलेल्या गुडघ्यावर वाटी मांडीच्या हाडावर जोरात दाबली जाते. त्यात पाऊल लांब पुढे टाकून टाच आपटली की प्रत्येक पावलाला तो ब्रेक अधिकच कचकचून लागतो. म्हणजे शिकायचं होतं ते उतरणं. चढण्यात मला काही अडचण नव्हतीच.

व्यायाम साधे होते, पण चिकाटी मागणारे. पायरीच्या कडेला उभं राहून एक टाच सावकाश खाली नेणं, तीन मोजत, गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवून. कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं. पाठीवर झोपून कंबर उचलणं. भिंतीला टेकून अर्धवट बसणं, आणि पिंढऱ्यांसाठी टाचा उचलणं. दिवसाआड. बूट आणि गुडघ्याचा पट्टा यांच्यावर लोक तासन् तास बोलतात. मला त्या दोन्हींपेक्षा पायरीनं जास्त दिलं.

धावणं बंद करायला सांगितलं नव्हतं, उतार वाटून घ्यायला सांगितलं होतं. चढ धावायचा, उतार चालायचा. दुखणं दहापैकी दोन-तीनच्या आत राहिलं आणि दुसऱ्या सकाळी वाढलं नाही, तरच पुढे जायचं. मग उताराचा खालचा तुकडा धावायला घेतला, चतुर्भुज मंदिरापासून किला गेटपर्यंत. ते कातळात कोरलेलं छोटं मंदिर. तिथल्या ८७६ सालच्या लेखात २७० हात लांबीची बाग आणि ५० हार असे आकडे आहेत, शून्यासकट. दम खायला यापेक्षा चांगली जागा ग्वाल्हेरात नसेल. तिथून खाली येताना मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक करणारं अॅप, लावायची. माझी मिनिटाला १६० पावलं पडायची, ती १७० च्या पुढे नेली. पाऊल आखूड झालं की ते आपोआप शरीराच्या खाली पडतं. अंग मागे झुकवायचं नाही, घोट्यातून किंचित पुढे, नजर चार-पाच पावलं पुढच्या फरशीवर. उतारावर हे सगळं एकदम जमत नाही. मी आधी फक्त पावलांचा आवाज ऐकत राहिले. आवाज मऊ झाला तेव्हा गुडघ्यालाही कळलं.

मांड्या मात्र सुरुवातीला दगडासारख्या व्हायच्या. एक-दोन दिवसांनी हे दुखणं सर्वात जास्त असतं आणि मग उतरतं. स्नायूंचं ते दुखणं वाटीमागच्या दुखण्याहून वेगळं ओळखू यायला लागलं, ही मला स्वतःची खरी कमाई वाटते. त्याच उतारावर पुन्हा गेलं की मांड्या आधीपेक्षा कमी दुखतात, शरीर हे फार लवकर शिकतं. गुडघा सुजला, अडकला किंवा अचानक सोडून दिल्यासारखा झाला, तर मात्र व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जावं. तिथे धीर धरून बघू नये.

आता उरवाईचा उतार मी पूर्ण धावते. पूर्वेच्या फरशीवर, हत्ती पोळच्या खालचा सर्वात उभा भाग अजून चालतच उतरते, आणि थंडीतल्या धुक्यात दगड ओले असले की सगळाच.