एपीके फाइल उघडल्यावर फोनमध्ये नेमकं काय होतं

"लिंकवर क्लिक करताच खातं रिकामं" अशा मथळ्याच्या बातम्या नाशिकच्या पेपरांत आता नेहमीच्या झाल्या आहेत. कधी आरटीओच्या चलानाची फाइल असते, कधी लग्नपत्रिका, कधी पीएम किसानची यादी. असा मथळा वाचून दोन चुकीचे समज पक्के होतात. एक म्हणजे फाइल आली की सगळं संपलं. दुसरा म्हणजे फाइल उघडली, पण काहीच झालं नाही, म्हणजे आपण वाचलो. यातला दुसरा समज जास्त घातक आहे, कारण "काहीच झालं नाही" असं दिसणं हाच त्या ॲपचा डाव असतो.

एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवण्याची फाइल. ती व्हॉट्सॲपवर येऊन पडली तरी आपणहून काही करू शकत नाही. तिथपासून पैसे जाईपर्यंत फोन तुम्हाला बऱ्याचदा थांबवतो आणि प्रत्येक वेळी तुमच्याच बोटाने होकार घेतो. त्या थांब्यांची ओळख नसल्यामुळे माणूस भराभर होकार देत जातो.

फाइल ओळखायची कशी ते आधी. व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलच्या नावाखाली बारीक अक्षरांत तिचा आकार आणि प्रकार लिहिलेला असतो. खरी पत्रिका फोटो, व्हिडिओ किंवा पीडीएफ असते. फोटोचं छोटं चित्र दिसतं, पीडीएफखाली पानांची संख्या दिसते. त्या जागी एपीके लिहिलेलं असेल तर ती पत्रिका नाही, चलान नाही, कोणतीही यादी नाही. फसवणारे 'पत्रिका डॉट पीडीएफ डॉट एपीके' असं लांबलचक नाव देतात, त्यामुळे शेवटचा भाग पडद्यावर कापला जातो. म्हणून नाव न वाचता त्याखालचा प्रकार वाचायचा.

"पण ओळखीच्या माणसाने पाठवली होती" हे प्रत्येक तक्रारीत येतं, आणि ते खरंच असतं. ज्याच्या फोनमध्ये ॲप आधीच शिरलं त्याचे एसएमएस चोराला दिसतात. त्यातला व्हॉट्सॲपचा कोड वापरून चोर त्याचं व्हॉट्सॲप आपल्या फोनवर सुरू करतो आणि तीच फाइल सगळ्या ग्रुपवर टाकतो. आपल्या जिल्ह्यात याला मोकळं रान मिळतं. लासलगाव, पिंपळगाव बसवंतच्या बाजारभावाचे ग्रुप, द्राक्ष बागायतदारांचे फवारणीचे ग्रुप, सोसायट्यांचे, भाऊबंदांचे ग्रुप. तिथे फाइल आली की उघडायची, ही हाताची सवय झालेली असते. लगीनसराईत तर विचारायलाच नको.

आता ते थांबे. एपीकेवर बोट ठेवलं की पहिल्यांदा फोन सांगतो की व्हॉट्सॲपला अनोळखी ॲप बसवण्याची परवानगी नाही, आणि सेटिंगमध्ये जायचा पर्याय देतो. हा सगळ्यांत महत्त्वाचा पडदा. इथून मागे फिरलात तर काहीही बिघडलेलं नसतं. पुढे गेलात तर गूगल प्ले प्रोटेक्टचा, म्हणजे फोनमधली ॲप तपासणाऱ्या गूगलच्या संरक्षणाचा, इशारा येऊ शकतो. भारतात गूगलने याची जास्त कडक आवृत्ती आणली आहे: ब्राउझर, मेसेजिंग ॲप किंवा फाइल मॅनेजरमधून येणारं ॲप एसएमएस वाचण्याची, नोटिफिकेशन वाचण्याची किंवा ॲक्सेसिबिलिटीची (पडदा वाचून बटणं दाबण्याची) परवानगी मागणारं असेल तर ते बसवणंच अडवलं जातं. म्हणून चोर अनेकदा फोन करून "प्ले प्रोटेक्ट बंद करा, आमचं ॲप नवीन आहे" असं सांगतो. चालू कॉलवर कोणी फोनमधलं एखादं संरक्षण बंद करायला सांगत असेल तर तो बँकेचा, आरटीओचा किंवा वीज कंपनीचा माणूस नाही. यात अपवाद शोधू नका.

ॲप बसलं की ते परवानग्या मागतं. एसएमएसची परवानगी दिली की ओटीपी चोराकडे पोचतो, हे बहुतेकांना माहीत असतं. त्याच परवानगीतून एसएमएस पाठवताही येतो, हे फारसं कोणी सांगत नाही. यूपीआय सुरू करताना ॲप तुमच्या सिममधून बँकेच्या यंत्रणेला एक एसएमएस पाठवतं आणि हा नंबर याच फोनमध्ये आहे अशी खात्री करून घेतं. तुमच्या फोनमधलं खोटं ॲप तो एसएमएस चोराच्या वतीने पाठवू शकतं. मग यूपीआय पिन ठरवायला डेबिट कार्डचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत लागते. ती मिळवायला ॲपमध्ये "फक्त १ रुपया भरून पडताळणी करा" असं पान उघडतं. रक्कम १ रुपया असल्यामुळे कोणाला संशय येत नाही, पण त्या पानाला तुमचं कार्ड आणि पिनच हवा असतो.

नोटिफिकेशन वाचण्याची परवानगी असेल तर बँकेचा "पैसे वजा झाले" हा संदेश तुमच्या नजरेला पडायच्या आत हटवता येतो. ॲक्सेसिबिलिटी दिली तर ते ॲप पडदा वाचतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबतं. फोनचं मुख्य एसएमएस ॲप बनायची परवानगी मिळाली तर आलेले संदेश पुसूनच टाकतं. आणि हे सगळं झाल्यावर ॲपचं चिन्ह पडद्यावरून गायब होतं. "काहीच झालं नाही" ते असं.

म्हणून आज, फोन ठीक असतानाच पाच मिनिटं काढा. सेटिंगच्या शोधपट्टीत 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' लिहा, कारण प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये हे वेगळ्या ठिकाणी असतं. उघडणाऱ्या यादीत व्हॉट्सॲप, टेलिग्राम, क्रोम आणि फाइल मॅनेजर या सगळ्यांसमोर परवानगी बंद हवी. एखादं चालू दिसलं तर कोणीतरी कधीतरी होकार दिलेला आहे, आणि पुढच्या एपीकेला पहिला थांबा उरलेला नाही. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टॅप करून प्ले प्रोटेक्ट उघडा आणि स्कॅन चालू आहे याची खात्री करा. सॅमसंगच्या नव्या फोनमध्ये 'ऑटो ब्लॉकर' आणि अँड्रॉइड १६ मध्ये 'ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन' चालू केलं की बाहेरची ॲप बसतच नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर हे डोळे झाकून चालू करा, त्यांचं रोजचं काम यामुळे सहसा अडत नाही.

व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. एसएमएसचा कोड चोरला तरी या पिनमुळे व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवर उघडत नाही आणि फाइल तुमच्या नावाने पुढे जात नाही. तिथेच 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून अनोळखी संगणक किंवा ब्राउझर दिसतो का तेही पाहा.

चलान खरं आहे का, हे तपासायला कोणत्याही फाइलची गरज नाही. 'महाट्रॅफिकईचलान डॉट गव्ह डॉट इन' या साइटवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की एमएच १५ असो वा मालेगावची एमएच ४१, थकलेलं सगळं दिसतं. सरकारी एसएमएस दहा आकडी मोबाइल नंबरावरून येत नाही. मे २०२५ पासून अशा संदेशांच्या पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक अक्षर जोडलेलं असतं: सरकारी असेल तर जी, व्यवहाराचा असेल तर टी, सेवेचा एस, जाहिरातीचा पी. बँकांच्या साइटही आता 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर आल्या आहेत, रिझर्व्ह बँकेने त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती. तुमच्या बँकेच्या नावाने आलेल्या लिंकचा पत्ता असा संपत नसेल तर तिथे काहीही भरू नका.

गूगलच्या घोषणेबद्दलही थोडं, कारण त्यावरून "आता एपीकेची कटकट संपली" असं बोललं जातंय. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की प्ले स्टोअरबाहेरून बसणाऱ्या ॲपच्या निर्मात्यालाही स्वतःची ओळख नोंदवावी लागेल. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये आहे, बाकीच्या देशांत २०२७ पासून टप्प्याटप्प्याने. त्या पहिल्या यादीत भारत नाही. शिवाय ओळख नोंदवणं म्हणजे ॲप तपासून घेणं नव्हे. चोर वापरतात त्या भाड्याच्या बँक खात्यांसारखी भाड्याच्या कागदपत्रांवरची नोंदणीही होऊ शकते. पाऊल चांगलं आहे, पण त्याच्या भरवशावर वरची सेटिंग टाळू नका.

आणि ॲप बसलंच असेल तर? आधी फोन विमान मोडवर टाका आणि वाय-फायही बंद झालंय ना ते पाहा. ॲपचा चोराशी संबंध तिथेच तुटतो. लगेच दुसऱ्या फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. पैसे गेले असतील तर रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (यूपीआयमध्ये तो बारा आकडी असतो) तयार ठेवा. पैसे पुढच्या खात्यांतून काढले जायच्या आत गोठवता येतात, म्हणून इथे मिनिटं मोजली जातात. 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन'वरची तक्रारही त्याच दिवशी पूर्ण करा. त्यानंतर बँकेच्या हेल्पलाइनवर कार्ड, नेटबँकिंग आणि यूपीआय तिन्ही बंद करायला सांगा. नुसतं कार्ड बंद केल्याने यूपीआय थांबत नाही, ही चूक खूप होते. नव्या फोनवर सुरू झालेल्या यूपीआयला पहिले २४ तास ५,००० रुपयांची मर्यादा असते. त्यामुळे लवकर हललात तर मोठी रक्कम वाचू शकते, पण नेटबँकिंगला हा नियम लागू नाही.

मूळ मेसेज घाईने पुसू नका. पाठवणाऱ्याचा नंबर, फाइलचं नाव आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढलात तरी चालतो. मग सेटिंगमधल्या ॲपच्या यादीतून ते ॲप काढा. 'अनइन्स्टॉल' बटण चालत नसेल तर आधी 'डिव्हाइस ॲडमिन' आणि ॲक्सेसिबिलिटीमधली त्याची परवानगी काढावी लागते. तरी ऐकलं नाही तर बंद करायच्या बटणाच्या पडद्यावर 'पॉवर ऑफ' दाबून धरा, बऱ्याच फोनमध्ये सेफ मोड मिळतो आणि त्यात बाहेरची ॲप चालत नाहीत. खात्रीचा उपाय मात्र फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करणं. फोटो आणि नंबर वाचवा, पण जुन्या डाउनलोड फोल्डरमधली एपीके परत आणू नका. फोन नेटवर्कवर आल्यावर *#२१# डायल करून कॉल दुसरीकडे वळवले आहेत का ते पाहा आणि ##००२# ने सगळी वळवणी रद्द करा. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला.

बँकेला तोंडी सांगून भागत नाही. लेखी तक्रार द्या आणि तिचा क्रमांक व वेळ घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार दोष ग्राहकाचा किंवा बँकेचा नसून तिसऱ्याच ठिकाणी असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर बोजा येत नाही. एपीकेच्या प्रकरणात बँक बहुधा "तुम्हीच परवानगी दिली, कार्ड भरलं" असं म्हणेल. पण ग्राहकाची चूक सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे. आणि चूक धरली तरी कळवल्यानंतर झालेला प्रत्येक व्यवहार बँकेच्या माथी जातो. म्हणून तक्रारीवरची वेळ मिनिटासकट हवी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनामूल्य करता येते, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

सहकारी बँकांनाही डिसेंबर २०१७ पासून असाच नियम आहे. पतसंस्थांना नाही. आपल्याकडे गावोगावी पतसंस्थांत ठेवी आहेत, आणि त्यांच्यावर देखरेख रिझर्व्ह बँकेची नसून सहकार खात्याची असते. तुमची पतसंस्था मोबाइल ॲप किंवा क्यूआर कोड देत असेल तर आजच शाखेत जाऊन विचारा की त्यामागे कोणती बँक आहे, आणि रात्री अकरा वाजता खातं बंद करायचं झालं तर नंबर कोणता लावायचा. उत्तर लेखी घ्या. ते मिळत नसेल तर त्या खात्याला यूपीआय जोडू नका आणि मोठी ठेव त्या खात्यात ठेवू नका.