प्लग ओला की कोरडा?

सकाळी गाडी चालू होईना की आपल्याकडे सगळे एकच करतात. चोक ओढायचा आणि पाय भरून येईपर्यंत किक मारत राहायचं. मग शेजारचा येतो, तोही मारून बघतो. मग उतारावरनं ढकलतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, पाच-सहा किकांत इंजिन बोललं नाही तर थांबा. किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) आणि पेट्रोल कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) बघा, आणि सरळ स्पार्क प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग, खोला. तो ओला आहे की कोरडा हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाचाही पार्ट बदलू नका.

मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर असतो, राहायला खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अंगाला. कणकुंबीकडनं झड लागली की आमचं अंगण दिवसच्या दिवस वाळत नाही. गाड्या पडवीत नाहीतर पागोळ्यांखाली उभ्या. त्यामुळे मिरग निघाला की सकाळी सकाळी कुणीतरी दारात येतंच.

गेल्या आषाढात दूध घालणारा शेजारचा पोरगा आला. 'मामा, गाडी चालूच होईना झाल्या. काल सांजच्याला बरी होती.' जुनी कार्ब्युरेटरची (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) स्प्लेंडर, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, आणि डेअरीची वेळ होत आलेली. त्याच्याआधीच एका मेस्त्रीनं सीडीआय आणि कॉईल, म्हणजे प्लगला करंट पुरवणारे दोन्ही भाग, बदलून पैसे घेतले होते. सकाळी अडायचं दुखणं तसंच. दुधावर घर चालवणाऱ्या पोराकडनं असे पैसे घेतलेले मला अजूनही सहन होत नाहीत, कारण करंट येतो की नाही हे बघायला दोन मिनिटं लागतात.

16 चा प्लग पाना लावून प्लग काढला. आरएक्स 100 असेल तर 21 चा लागतो. काढलेला प्लग कॅपमध्ये घालायचा, त्याचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवायचा आणि किक मारायची. प्लगच्या भोकापासून मात्र लांब धरा, आतनं पेट्रोलची वाफ येते आणि ती पेटू शकते. ठिणगी निळी, कडक आली तर करंट ठीक. लालसर, मरतुकडी आली तर आधी दुसरा प्लग लावून बघा, मग कॅप आणि वायर. पावसात कॅपच्या आत पाणी शिरतं, वायरचं टोक हिरवट पडतं. टोक थोडं कापून कॅप परत पिळून बसवली तरी पुष्कळदा भागतं.

पोराच्या गाडीचा करंट झकास होता. प्लग मात्र जवळजवळ कोरडा, नाकाला लावला तरी पेट्रोलचा वास नाही. एवढ्या किका मारून प्लग कोरडा म्हणजे पेट्रोल आत पोचतच नाही. मग कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून निघालं ते काचेच्या ग्लासात धरलं. ग्लास उजेडात धरल्यावर वर पिवळसर पेट्रोल, तळाला वेगळा थर आणि दोघांच्या मधली रेघ स्पष्ट दिसत होती. पोरगा बघतच राहिला. पाणी आलं कुठनं? टाकीच्या झाकणाच्या खोबणीत पावसाचं पाणी साचत होतं, आणि झाकणाखालचं रबर वाळून चिरलं होतं. रात्रभर थेंब थेंब आत.

यात इथेनॉलचा भाग आहे तो समजून घ्या. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच जिल्ह्यातल्या ऊसकारखान्यांतही ते तयार होतं, शेतकऱ्याला त्याचा आधार आहे, माझा त्याला विरोध नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी ते पोटात ठेवतं, जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाशी बसतात. कॉक रिझर्व्हला लावला की टाकीच्या अगदी तळाचं ओढलं जातं. म्हणून झडीच्या दिवसांत टाकी रिझर्व्हपर्यंत उतरवू नका, आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत दमट हवा खेळते.

आम्ही टाकी उतरवून ओतली, कॉकची गाळणी धुतली, रबर नवं घातलं. वाटी खोललीच होती म्हणून पायलट जेटही, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळीही, काढलं. या जेटचं भोक अर्धा मिलिमीटरही नसतं, आणि थंड गाडी चालू होणं बरंचसं त्याच्यावर असतं. ते क्लीनर आणि हवेच्या प्रेशरनंच साफ करा. तार घालू नका. पितळ मऊ असतं, तारेनं भोक मोठं होतं आणि मग गाडी कधीच जागेवर येत नाही. रोज मायक्रोमीटर धरणाऱ्या माणसाला हे बघवत नाही.

प्लग उलट चिंब ओला निघाला तर पेट्रोल जास्त झालंय. चोक बंद, एक्सलेटर पूर्ण उघडा, प्लग पुसून लावा आणि मारा किक. तरी तेच होत असेल तर फ्लोटची सुई (वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी) बसत नाही नाहीतर एअर फिल्टर चोंदलाय.

प्लग ठीक, करंट ठीक, पेट्रोल स्वच्छ, आणि तरी थंड गाडी छळते? मग टॅपेट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागातला गॅप, बघा. हे फार कमी लोक बघतात, कारण टॅपेटचा आवाज येत नसला की सगळे खूश असतात. आवाज नसणं चांगलंच असं नाही. व्हॉल्व्हची सीट झिजत गेली की गॅप कमी कमी होतो, शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाब निसटतो. किक पायाला हलकी लागते. इंजिन पूर्ण थंड असताना मॅग्नेटवरची (इंजिनाच्या बाजूच्या फिरत्या चाकावरची) टी खूण जुळवायची, दोन्ही टॅपेट सैल आहेत ना ते चाचपायचं, आणि फीलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) गाडीच्या पुस्तिकेतला गॅप धरायचा. पट्टी किंचित घासत सरकली पाहिजे.

2020 च्या एप्रिलनंतरच्या बीएस 6 (प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या) गाड्यांना बहुतेक कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन आहे, तिथं चोक आणि वाटी शोधत बसू नका. चावी फिरवल्यावर पंपाचा बारीक आवाज येतो का ऐका, आणि बॅटरी तपासून घ्या.

शेवटी मेस्त्रीकडे न्यायचीच वेळ आली तर त्याला दोन गोष्टी सांगा. प्लग कसा निघाला, आणि गाडी थंड असताना अडते की तापल्यावर. तापल्यावर अडत असेल तर कॉईल किंवा पल्सर कॉईलवर (ठिणगीची वेळ सांगणारी छोटी कॉईल) संशय घ्यायला जागा आहे. आणि बदललेला प्रत्येक जुना पार्ट परत मागून घ्या.