आमसुलाचं पाणी ते क्वेरसेटिन

अंगावर पित्त उठलं की आई आमसुलाचं पाणी लावायची, त्यामुळे हा मास्ट सेलचा, म्हणजे शरीरातल्या ॲलर्जीशी संबंधित पेशींचा, त्रास आहे हे कळायला मला बरीच वर्षं लागली. या पेशी भसकन हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात आणि मग खाज, तोंड लाल, पोटात कळ, सगळं एकदमच. डॉक्टरांना विचारून क्वेरसेटिन (भाज्या-फळांतलं एक नैसर्गिक द्रव्य, पूरक म्हणून घेतात ते) सुरू केलं, खाज जरा कमी वाटते, पण खरं सांगू, लॅबमध्ये ते या पेशींना शांत करतं असं दिसलंय, माणसांवरचा पुरावा अजून तोकडाच आहे. कांद्यातही असतं म्हणून सासूबाई रोज कांदा कापून ठेवतात, आता त्यांना काय सांगू तेवढ्याने भागत नाही! हळदीच्या गोळीने मात्र पोट बिघडलं, बंद केली. सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी चालूच आहे. आणि नवीन काहीही एका वेळी एकच, नाहीतर कशाने काय झालं कळतच नाही.