कोकण किनारा बाइकवर: वाळूचं सोडा, खडीचं बघा

दिवेआगर ते गणपतीपुळे अशी गटाची 'बीच ॲडव्हेंचर' टूर घेणार असाल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. पत्रकात सगळे फोटो वाळूचे असतात. प्रत्यक्षात वाळूवर गाडी जाते जेमतेम चार-पाच किलोमीटर, आणि अंगावर येते ती खडी. आमच्या आयोजकाने तिचा अवाक्षरानेही उल्लेख केला नव्हता.

सगळ्यात वाईट पट्टा केळशी सोडल्यावर आडे-पाडल्याकडून आंजर्ल्याला जाताना लागला. रस्ता एका गाडीपुरता, चढ उभा, वळणं आंधळी. आम्ही गेलो तेव्हा रुंदीकरणासाठी खडी पसरून ठेवली होती, रोलर फिरलेला नव्हता. खाली जांभ्याचा कडक कातळ आणि वर सुटी खडी, म्हणजे ओट्यावर सांडलेली मोहरी. पुढचं चाक वळणावर सरळच जातं, हँडल वळवून उपयोग नसतो. पहिल्या चढावर गटातल्या निम्म्या गाड्या आडव्या झाल्या. कारण प्रत्येक वेळी एकच: पुढचा थांबला म्हणून मागचा थांबला आणि चढावर परत उचलताना मागचं चाक फिरत राहिलं.

म्हणून चढ एकेकाने चढायचा. पुढचा माथ्यावर पोचून हॉर्न देईपर्यंत दुसऱ्याने पायथ्याशीच थांबायचं. दुसरा गिअर, उभं राहून, गुडघ्यांनी टाकी धरून, थ्रॉटल एकसारखा. नजर चाकापुढे नाही, वळणाच्या पलीकडे. मध्येच बंद पडली तर क्लच दाबू नका, गाडी गिअरमध्येच राहू द्या, म्हणजे मागे घरंगळत नाही. पुढचा ब्रेक एकटा ती धरून ठेवत नाही, खडीवर चाक लॉक होऊनही घसरतं. मग माणूस बोलावून गाडी रस्त्याला आडवी करायची आणि खाली येऊन परत चढायचं. तिथल्या तिथे रेस करत बसलात तर क्लचप्लेटचा वास माथ्यापर्यंत जातो.

उतारावर पहिला-दुसरा गिअर, इंजिनाचा ब्रेक आणि हलका मागचा ब्रेक. मागचं एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद करता येत असेल तर करा, नाहीतर खडीवर गाडी थांबतच नाही. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन बाइकवर इग्निशन बंद केलं की एबीएस पुन्हा चालू होतं. दर थांब्यानंतर बटण बघायचं. पुढचं एबीएस चालूच ठेवा.

टायरमधल्या हवेचं गणित (दाब पीएसआयमध्ये मोजतात) आयोजकाच्या माणसालाही येत नव्हतं. 'वाळूसाठी १२ करा' असं तो सांगत होता. ट्यूब असलेल्या चाकात हे करू नका. हवा इतकी कमी असली की टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि वॉल्व्ह मुळाशी फाटतो. तो पंक्चरचा पॅच लावून दुरुस्त होत नाही, ट्यूबच बदलावी लागते. वॉल्व्ह रिममधून तिरका दिसू लागला की समजायचं. सामान घेतलेल्या हिमालयनला खडीवर पुढे २० ते २२, मागे २४ ते २६ पीएसआय पुरे. वाळूत फार तर १८ आणि २०. डांबरावर परत आलात की हवा भरा, नाहीतर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेमटते. बॅटरीवर चालणारा छोटा पंप गटात दोन तरी हवेत. २१ इंची ट्यूब एक जास्तीची घ्या, अडीनडीला ती मागच्या चाकातही निभावते. टायर लिव्हर (रिमवरून टायर काढायची पट्टी) आणि ट्यूब बॅकअपच्या टेम्पोत ठेवू नका. रविवारी दाभोळच्या धक्क्यावर टेम्पो रांगेत अडकतो, बाइक मात्र कारच्या फटीतून फेरीबोटीवर चढतात. पलीकडे धोपाव्याला तुम्ही असता, अवजारं अलीकडे.

फेरीबोटीचा धक्का ओहोटीला जास्त धोक्याचा. उताराचा खालचा भाग उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असतं. तिथे पाय टेकवायचा नाही, ब्रेक लावायचा नाही. बोटीवर गाडी गिअरमध्ये ठेवून धरून उभं राहायचं.

आता वाळू. 'रोज संध्याकाळी साडेपाचला किनाऱ्यावरून राइड' असं वेळापत्रक ज्याने छापलं त्याने समुद्र पाहिला नसावा. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमेला संध्याकाळी साडेपाचला पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, मोकळी मिळते, पण पंचमीला त्याच वेळी पाणी जेमतेम उतरू लागलेलं असतं. मग सगळा गट वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत जातो आणि रुततो.

रुतली की रेस करू नका, इंजिनाची तळपट्टी टेकेपर्यंत चाक खाली जातं. गाडी आडवी पाडा, खळग्यात वाळू लोटा, मग उभी करा. साइड स्टँडखाली चपटा दगड किंवा लाकडाचा तुकडा हवाच. किनाऱ्याला ओहोळ मिळतो तिथली ओली वाळू कडक दिसते, पण पोकळ असते. तिथे उतरून चालत बघा.

आणि मुळात गाडी कुठे न्यायची? गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेणं बेकायदा आहे. कोकणात फलक असेल तिथे प्रश्नच नाही. वेळास, केळशी, आंजर्ले इथे ऑलिव्ह रिडले कासवं नोव्हेंबरपासून अंडी घालतात, पिल्लं एप्रिल-मेपर्यंत बाहेर पडतात. बाइकवाल्यांचा हंगामही तोच. या वाळूवर चाक घालायचंच नाही, आयोजक काहीही म्हणो. आमच्याकडून 'बीच परमिट'चे माणशी ५०० रुपये घेतले. पावती मागितली तर 'ग्रामपंचायतीकडे आहे'. पावती हातात आल्याशिवाय अशा परवान्याला छदाम देऊ नका.

धोपाव्यापासून पुढे वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ-जयगड हा भाग सोपा, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

मुक्कामी पोचल्यावर कितीही दमला असाल तरी जेवणाआधी गाडी गोड्या पाण्याने धुवा. साध्या पाइपने, प्रेशर वॉशरने नाही, त्याने खारं पाणी बेअरिंगच्या सीलमध्ये घुसतं. स्पोक, कॅलिपर, स्प्रॉकेटचं कव्हर, रेडिएटरच्या जाळ्या. चेन वाळली की मग तेल. घरी पोचल्यावर एअर फिल्टर उघडा, लाल धूळ बघूनच कळेल.