लष्करी कुटुंबांतले अर्भकमृत्यू मोजताना: अमेरिकेच्या आकडेवारीवर काम करण्याचा माझा अनुभव

अमेरिकेत २०२२ साली दर हजार जिवंत जन्मांमागे ५.६ बाळं वर्षाची होण्याआधी दगावली. हिस्पॅनिक म्हणजे लॅटिन अमेरिकी मूळ नसलेल्या कृष्णवर्णीय आईच्या बाळांमध्ये हा दर १०.९ होता, गौरवर्णीय आईच्या बाळांमध्ये ४.५. दुपटीहून मोठ्या या अंतरामागे गरिबी, विमा नसणं, तपासण्या उशिरा सुरू होणं अशी कारणं नेहमी सांगितली जातात. लष्करी कुटुंबांत यातली बरीच कारणं निदान कागदावर तरी उरत नाहीत. पगार हुद्द्यावर आणि सेवेच्या वर्षांवर ठरतो, घरभाडं भत्ता मिळतो, बाळंतपणाचा खर्च ट्रायकेअर ही लष्कराची आरोग्ययोजना उचलते. इथेही अंतर दिसलं, तर नुसता विमा दिल्याने ते मिटतं असं म्हणता येणार नाही. म्हणून हा हिशेब नीट व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं. तो करताना जी बाळं मोजणीतून गळतात, ती सगळ्या गटांतून सारखी गळत नाहीत. खालचं सगळं त्या गळतीभोवतीच फिरतं.

पहिली अडचण अशी की अमेरिकेच्या जन्मदाखल्यात आईवडील सैन्यात आहेत का, हा प्रश्नच नाही. मृत्यूदाखल्यात मृत व्यक्ती सैन्यात होती का हे विचारतात, पण बाळाच्या बाबतीत त्याचा काय उपयोग! आधार घ्यायचा तो २००३ साली सुधारलेल्या दाखल्यातल्या 'प्रसूतीचा मुख्य खर्च कोणी दिला' या रकान्याचा. सार्वजनिक फाइलीत त्याचं नाव 'पे' असं आहे. त्यातले संकेतांक असे: मेडिकेड (गरिबांसाठीची सरकारी आरोग्ययोजना) १, खाजगी विमा २, स्वखर्च ३, इंडियन हेल्थ सर्व्हिस (मूळनिवासींची सरकारी आरोग्यसेवा) ४, ट्रायकेअर ५, इतर सरकारी ६, इतर ८ आणि माहिती नाही ९. शेजारीच त्याची आटोपशीर आवृत्ती असते. तिच्यात ट्रायकेअर 'इतर'मध्ये मिसळलेलं असतं, त्यामुळे ती घेतली तर लष्करी कुटुंबं दिसेनाशी होतात. सुधारित दाखला सगळ्या राज्यांत लागू व्हायला २०१६ उजाडलं, म्हणून मी त्याआधीची वर्षं घेत नाही.

'पे' मध्ये ५ असलं म्हणजे घरात कोणी सेवेत आहेच, असं समजू नये. ट्रायकेअरखाली सेवेतल्या स्त्रिया येतात, सैनिकांच्या बायका येतात, निवृत्तांची कुटुंबं येतात आणि हप्ता भरणारे राखीव दलातलेही येतात. यांना वेगळं करायला दाखल्यात काहीच नाही. म्हणून मथळ्यात 'लष्करी कुटुंबं' न लिहिता 'ट्रायकेअरने खर्च दिलेले जन्म' असं लिहावं. उलट बाजूने, नोकरी करणाऱ्या बायकोच्या कंपनीच्या विम्यावर झालेलं सैनिकाचं बाळ इथे खाजगी विम्यात मोजलं जातं. जर्मनीतल्या लांडश्टूलला किंवा ओकिनावात अमेरिकी लष्कराच्या रुग्णालयात जन्मलेलं बाळ या फाइलीत येतच नाही, कारण ही फाइल अमेरिकेत झालेल्या नोंदणीची आहे.

फाइल घ्यायची ती नॅशनल सेंटर फॉर हेल्थ स्टॅटिस्टिक्स या आरोग्य-आकडेवारीच्या सरकारी संस्थेची, जन्म आणि अर्भकमृत्यू जोडलेली. तिचे दोन प्रकार आहेत. 'पिरियड' प्रकारात त्या वर्षी झालेले सगळे अर्भकमृत्यू येतात, मग बाळ आदल्या वर्षी जन्मलेलं का असेना. 'कोहॉर्ट' प्रकारात त्या वर्षी जन्मलेल्या बाळांचा पुढे वर्षभर माग काढलेला असतो. नुसता दर सांगायचा असेल तर पिरियड चालते आणि ती लवकर मिळते. जोखमीचं गणित मांडायचं असेल तर मी कोहॉर्टच घेते, कारण तिच्यात अंश आणि छेद एकाच बाळांचे असतात. पिरियडमध्ये साधारण एखादा टक्का मृत्यू जन्मदाखल्याशी जुळत नाहीत. त्यांची भरपाई करायला प्रत्येक मृत्यूच्या नोंदीला एक भार दिलेला असतो. तो न लावता डोकी मोजली की दर किंचित कमी येतो. दुसरी चूक दुहेरी मोजणीची. छेदाच्या फाइलीत दगावलेल्या बाळांचे जन्मही आधीच धरलेले असतात, त्यामुळे मृत्यूंची फाइल तिला खाली जोडली तर तीच बाळं दोनदा मोजली जातात. निवासाच्या रकान्यात ४ असेल तर आई परदेशची रहिवासी, त्या नोंदी वगळायच्या.

छेदाची फाइल म्हणजे पस्तीस लाखांहून जास्त ओळी, ठरलेल्या रुंदीचे रकाने आणि वर शीर्षक नाही. कुठला रकाना कितव्या अक्षरापासून सुरू होतो, ते त्या-त्या वर्षाच्या मार्गदर्शिकेतून घ्यावं, गेल्या वर्षीचं वापरू नये. 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकप्रणालीत लागतील तेवढेच रकाने वाचले तर साध्या लॅपटॉपवरही काम होतं. राज्य आणि जिल्हा २००५ पासून सार्वजनिक फाइलीत नसल्याने एखाद्या तळाचा किंवा गावाचा दर इथून निघत नाही.

वंश घ्यायचा तो जन्मदाखल्यावरचा आईचा, तिने स्वतः सांगितलेला. मृत्यूदाखल्यावर बाळाचा वंश दुसरंच कोणी तरी लिहितं आणि विशेषतः मूळनिवासी बाळांच्या बाबतीत तो चुकतो. जोडलेली फाइल वापरण्याचं मोठं कारण हेच. आपल्याकडचा अर्भकमृत्यूदर नमुना नोंदणी पद्धतीतून येतो, तिथे दाखल्याला दाखला जोडण्याची भानगडच नसते. त्या आकड्यांवर हात बसलेल्यांना इथली सवय व्हायला थोडा वेळ लागतो.

आता हुद्दा. १९९२ साली अमेरिकी लष्करी लोकसंख्येतले अर्भकमृत्यू वंश आणि हुद्दा अशा दोन्ही अंगांनी मांडणारा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, म्हणजे हा प्रश्न नवा नाही. पण जन्मदाखल्यात हुद्दा नसतो. मी आईवडील दोघांचं शिक्षण घेते. कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्याला सहसा पदवी लागते. त्यामुळे दोघांपैकी कोणीच पदवीधर नसेल, तर ते घर जवळजवळ नक्की जवान, हवालदार अशा खालच्या श्रेणींतलं. याचं उलट मात्र खरं नाही, कारण पदवीधर जवान पुष्कळ आहेत. म्हणून 'पदवी नाही' हा गट भरवशाचा आणि 'पदवी आहे' हा मिश्र, असं तक्त्याखाली स्पष्ट लिहावं. वडिलांचं शिक्षण बरेचदा रिकामं असतं, ते जास्त करून अविवाहित आयांच्या बाबतीत. अशा ओळी काढून टाकल्या की सर्वांत जास्त जोखमीचाच गट बारीक होतो. काढण्याऐवजी 'माहिती नाही' हा वेगळा गट ठेवावा. जन्मानंतर काही तासांतच गेलेल्या बाळांचे दाखले एरवीही जास्त अर्धवट असतात. म्हणजे अपुऱ्या ओळी वगळण्याच्या सवयीने सहसा दर खाली येतो. वैवाहिक स्थितीचं आणखी एक सांगायचं तर २०१७ पासून कॅलिफोर्निया ती माहिती देत नाही, आणि सॅन दिएगोसारखं नौदलाचं मोठं ठाणं त्याच राज्यात आहे.

आकडे लहान असतात हे विसरून चालत नाही. समजा, एका गटात वर्षाला ६,००० जन्म आणि ४८ मृत्यू, म्हणजे दर ८. विरळ घटनांसाठी वापरतात त्या प्वासाँ पद्धतीने ९५ टक्क्यांची मर्यादा, म्हणजे निव्वळ योगायोगाने दर किती वरखाली होऊ शकतो याचा पट्टा, काढली की ती ५.९ ते १०.६ येते. एवढ्या रुंद पट्ट्यात काहीही सामावेल. हाच दर धरून पाच वर्षं एकत्र केली तर मृत्यू २४० आणि मर्यादा ७.० ते ९.१. तेव्हा कुठे शेजारच्या गटाशी तुलना करता येते. सीडीसी वंडर या सरकारी आकडेवारीच्या संकेतस्थळावर २० पेक्षा कमी मृत्यूंवरच्या दराला 'अविश्वसनीय' असा शेरा असतो आणि १० पेक्षा कमी संख्या दाखवतच नाहीत. स्वतः तक्ते करतानाही मी हाच नियम पाळते.

तुलना कोणाशी करावी? ट्रायकेअरच्या आया खाजगी विम्यावाल्यांपेक्षा तरुण असतात, तेव्हा आधी वयाचं प्रमाणीकरण, म्हणजे दोन्ही गटांची वयरचना सारखी धरून दर काढणं, करावं लागतं. सैन्यात भरती होतानाच प्रकृतीची चाळणी लागते, त्यामुळे सेवेतल्या स्त्रियांची तुलना सगळ्या जनतेशी करून 'लष्करात बरं चाललंय' म्हणणं मला पटत नाही. ट्रायकेअरच्या आतच कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय यांची तुलना करावी. मग तेच अंतर खाजगी विम्याच्या आत आणि मेडिकेडच्या आत काढून तिन्ही शेजारी ठेवावीत. गुणोत्तर आणि वजाबाकी दोन्ही द्यावीत, कारण दोन्ही गटांचे दर खाली आले की वजाबाकी घटते, पण गुणोत्तर तिथल्या तिथे राहू शकतं.

सगळ्यात घातक सवय म्हणजे समीकरणात जन्मवजन आणि गर्भाचे आठवडे घालून 'फरक नाहीसा झाला' असं जाहीर करणं. दिवस भरण्याआधी जन्म होणं हाच तर विषमतेचा मुख्य रस्ता! तो बंद करून पलीकडे काही दिसत नाही म्हणण्यात अर्थ नाही. त्याऐवजी लोकसंख्याशास्त्रज्ञ किटागावा यांनी १९५५ साली मांडलेली विभागणी करावी. अंतरातला किती भाग लवकर होणाऱ्या जन्मांच्या जास्त प्रमाणामुळे आणि किती भाग त्याच आठवड्यांच्या बाळांमधल्या वेगळ्या मृत्यूदरामुळे, हे ती वेगळं करून देते. आठवड्यांसाठी शेवटच्या पाळीऐवजी प्रसूतितज्ज्ञाचा अंदाज घ्यावा. जुळी-तिळी वगळून एक तक्ता, २२ आठवड्यांच्या आतली वगळून दुसरा, असं केलं की नोंदणीच्या पद्धतीतल्या फरकाचा परिणाम कळतो.

मृत्यूचं वयही तितकंच बोलकं असतं. २८ दिवसांच्या आतले मृत्यू बहुतेक अपुरे दिवस, जन्मजात व्यंगं आणि बाळंतपणातल्या गुंतागुंतीचे. त्यानंतरच्या मृत्यूंत झोपेतले अचानक मृत्यू वाढतात. त्यांच्यासाठी मृत्यूच्या कारणांच्या आंतरराष्ट्रीय यादीतले आर९५, आर९९ आणि डब्ल्यू७५ हे तिन्ही संकेतांक एकत्रच घ्यावेत, कारण एकाच प्रकारचा मृत्यू एक तपासनीस एका संकेतांकात टाकतो आणि दुसरा दुसऱ्यात. अंतर पहिल्या आठवड्यात साचलेलं असेल तर प्रश्न गर्भारपणातल्या प्रकृतीकडे आणि रुग्णालयाकडे नेतो. ते २८ दिवसांनंतर साचलं असेल तर घर, झोपण्याची जागा, बदलीच्या गावी एकट्या पडलेल्या आईला मिळणारा हात, हे पाहावं लागतं.

हुद्दा खरोखर हवा असेल तर संरक्षण खात्याच्याच नोंदींकडे जावं लागतं. सॅन दिएगोच्या नेव्हल हेल्थ रिसर्च सेंटरमधला जन्म आणि अर्भक-आरोग्य संशोधन कार्यक्रम १९९८ पासून अशा नोंदी जोडतो आहे. बाहेरच्या संशोधकाला नीतिसमितीची मंजुरी आणि डिफेन्स हेल्थ एजन्सी या संरक्षण खात्याच्या आरोग्यसंस्थेशी आकडेवारी-वापराचा करार करावा लागतो, आणि कोणता रकाना कशासाठी हवा हे एकेक करून लिहून द्यावं लागतं. तिथे श्रेणी मिळते, इ-१ ते इ-४ (जवानांच्या खालच्या श्रेणी) वेगळी, इ-५ ते इ-९ (वरच्या) वेगळी, अधिकारी वेगळे, आणि परदेशातल्या तळांवरचे जन्मही मिळतात.

पण गळती तिथेही आहे, फक्त तिची जागा बदलते. नवजात बाळाचं नाव डीअर्स या पात्रता-नोंदवहीत घालायला आईवडिलांना काही महिन्यांची मुदत असते. पहिल्याच दिवशी गेलेल्या बाळाचं नाव तिथे बहुतेक वेळा चढतच नाही. नोंदवहीतली बाळं हाच छेद धरला तर सर्वांत लवकरचे मृत्यू अंशातूनही जातात. म्हणून सुरुवात आईच्या प्रसूतीच्या नोंदीपासून करून स्पॉन्सरचा (ज्याच्या सेवेमुळे कुटुंबाला योजना मिळते त्याचा) क्रमांक आणि जन्मतारीख यांवरून बाळ शोधावं लागतं. अवलंबितांचा वंश तिथे पुष्कळदा रिकामा असतो, मग सेवेतल्या जोडीदाराचा वंश बाळाला लावला जातो. मिश्र घरांत तो जन्मदाखल्यावरच्या आईच्या वंशाशी जुळत नाही. दोन्हीकडचे दर शेजारी ठेवायचे असतील तर वंश कोणाचा, हे दोन्ही तक्त्यांवर लिहिलेलं हवं.

आणखी एक गट आहे. सैनिकाच्या अवलंबित मुलीच्या बाळंतपणाचा खर्च ट्रायकेअर देते, पण बाळ हे सैनिकाचं नातवंड असल्याने सहसा योजनेत बसत नाही. त्याचा बाप सेवेत असेल किंवा ते दत्तक घेतलं असेल, तरच बसतं. जन्मदाखल्यात हे बाळ ट्रायकेअरचं दिसतं, लष्कराच्या नोंदीत प्रसूतीनंतर त्याचा पत्ताच लागत नाही. या आया फार तरुण असतात, आणि विमा तुटतो तो नेमका बाळाच्या जन्माबरोबर. त्यांना मी वयाच्या रकान्यावरून, वीस वर्षांखालच्या आया म्हणून, वेगळ्या ओळीत दाखवते. त्या वयाच्या सैनिकांच्या बायका आणि सेवेतल्या मुलीही त्याच ओळीत येतात, तेही तिथेच खाली नोंदवते.